शंभर योजनांची वाट

वार्धक्याला दोन भये असतात. एक देहाचे आणि दुसरे मनाचे. गुडघे धरले, दृष्टी अधू झाली, दात पडले, तरी माणूस ते बहुधा हसतमुखाने सोसतो. परंतु नातवंडांची नावे ओठांवर येईनाशी झाली, सकाळी ठेवलेली किल्ली दुपारी सापडेनाशी झाली, रोजच्या रस्त्यावरचे वळण अनोळखी वाटू लागले, की तो आतून हादरतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण थट्टेने वापरली जाते खरी. पण त्या थट्टेखाली पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती दडलेली आहे.

मधुमेहाचा या धास्तीशी काही संबंध असेल, असे शतकानुशतके कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. मधुमेह म्हटला की तहान, वारंवार लघवी, न भरणाऱ्या जखमा, मंदावणारी दृष्टी, एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राही. मधुमेहावर चालण्याचा उपाय मात्र फार प्राचीन आहे. म्हणजे उपाय जुना, आणि त्या उपायाने कदाचित बुद्धीचेही रक्षण होईल ही कल्पना अगदी अलीकडची. या दोन धाग्यांची गाठ कशी पडली, ती किती घट्ट आहे आणि किती सैल, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ज्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे, त्या देशाला तो उपयोगाचाही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात 10 कोटी 10 लाख माणसे मधुमेहाने ग्रस्त होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने साठ वर्षांवरील भारतीयांपैकी शेकडा 7.4 जणांना, म्हणजे सुमारे 88 लाख वृद्धांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज वर्तवला. या दोन आकड्यांतील माणसे पूर्णपणे वेगवेगळी नाहीत, हीच चिंतेची गोष्ट आहे.

या इतिहासाचा आरंभ सुश्रुतसंहितेपासून करावा लागतो. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: एक जन्मजात, आणि दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, खाण्याचा शौकीन, बसून राहणारा आणि झोपेचा भोक्ता असतो. एकाच नावाखाली वावरणारे हे दोन निराळे आजार आहेत, ही जाण त्या काळी असावी, याचे नवल वाटते. चरकानेही प्रमेहाच्या कारणांत बसण्याचे सुख आणि निजण्याचे सुख यांना अग्रस्थान दिले आहे.

सुश्रुताची चिकित्सा तर याहूनही लक्षणीय आहे. रोग वाढलेल्या माणसाला तो व्यायाम सांगतो; कुस्ती, खेळ, अश्वारोहण, पायी फिरणे, शस्त्रांचा सराव सांगतो. परंतु ज्याच्याजवळ धन नाही, ज्याला आप्त नाहीत, त्याने काय करावे? त्याच्यासाठी सुश्रुताने वेगळी व्यवस्था लावून दिली आहे. त्याने पायांत जोडे आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र मुक्काम करीत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालत जावे. धनवानाने राजस पक्वान्ने सोडून सावा, देवभात अशा रानधान्यांवर राहावे आणि हरणांच्या संगतीत वनात वास करावा. कोणी गाईंच्या मागे फिरावे, कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. आणि जो कृश आहे, त्याला मात्र या कष्टांत न घालता जपावे. औषध एकच, परंतु मात्रा प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे आणि व्यवसायाप्रमाणे निराळी.

योजनाचे माप सर्वकाळ एकच नव्हते. तथापि ते आठ मैलांचे धरले, तर शंभर योजने म्हणजे आठशे मैल होतात. जयपूरहून निघालेला पांथस्थ एवढे चालला, तर पुणे मागे टाकून साताऱ्याच्या आसपास येऊन पोहोचेल. आजच्या वाचकाला हे अंतर अचाट वाटेल. पण ते किती अचाट आहे, याचा हिशेब पुढे करता येईल.

जयपूरचे नाव येथे केवळ अंतर मोजण्यासाठी घेतलेले नाही. सवाई जयसिंहाने 18 नोव्हेंबर 1727 रोजी वसवलेल्या या नगरात या इतिहासाची बहुतेक पाने एकमेकांशेजारी उघडी पडलेली दिसतात. येथे माधवविलास या जुन्या महालात 1976 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्था आहे आणि तेथे चरक-सुश्रुतांचे अध्ययन चालते. येथे सवाई मानसिंह रुग्णालय आणि 1947 मध्ये सुरू झालेले त्याच नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा चालते करणारा ‘जयपूर फूट’ येथेच जन्मला. आणि मुळात हे नगरच पायी चालणाऱ्यांच्या मापाने आखलेले आहे. महाराष्ट्रालाही ते परके नाही. जयसिंहाच्या पदरी राहून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. त्या भूमितीप्रेमी राजाने आणि विद्याधर भट्टाचार्याने सरळ रेघांत बसवलेल्या या नगराकडे पुन्हा वळण्यापूर्वी, युरोपात या रोगाचे काय झाले ते पाहिले पाहिजे.

मधुमेहाचा गोडवा केवळ मूत्रात नसून रक्तातही असतो, हे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने 1776 मध्ये प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचा वैद्य अपोलिनेर बुशार्दा याने आपल्या रुग्णांना कमी खाण्याचा आणि अंगमेहनत करण्याचा आग्रह धरला. 1870–71 मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि बुशार्दाला असे आढळले की त्या उपासमारीत त्याच्या मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाली. सुश्रुताने श्रीमंताला रानधान्यावर राहायला सांगितले होते. पॅरिसच्या श्रीमंतांवर ती वेळ तोफांनी आणली.

1921–22 मध्ये टोरांटोच्या बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांनी इन्सुलिन हाती आणले, आणि मरणाच्या दारातली मुले उठून बसू लागली. ही विसाव्या शतकातील वैद्यकाची थोर घटना होय. परंतु प्रत्येक थोर औषधाबरोबर एक भ्रमही येतो: आता पथ्याची गरज काय, आणि श्रमांची तरी काय? बॉस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी हा भ्रम फारसा वाढू दिला नाही. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे एकत्र जुंपले तरच मधुमेह्याचा रथ नीट चालतो, असे ते शिकवीत. 1936 मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की काही मधुमेही इन्सुलिनला तत्काळ प्रतिसाद देतात, तर काहींचे शरीर त्याला दाद देत नाही. सुश्रुताचे कृश आणि स्थूल हे दोन रोगी अशा रीतीने प्रयोगशाळेत पुन्हा भेटले. प्रौढपणी जडणारा आणि इन्सुलिनला दाद न देणारा, तोच आज दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणून ओळखला जातो, आणि मधुमेहींपैकी बहुतांश याच प्रकारचे असतात.

भारतीयांच्या बाबतीत ‘स्थूल’ या शब्दाचा अर्थ मात्र जपून घ्यावा लागतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाने हे पुढे आणले की, भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक आणि स्नायूंचे कमी असू शकते. जन्मतः लहानखोऱ्या अर्भकांतही हे आढळते. तेव्हा वजनकाट्यावर हलका ठरलेला वृद्ध ‘मला व्यायामाचे काय काम’ असे म्हणेल, तर ते बरोबर ठरणार नाही.

व्यायामाची बाजू दरम्यान दुसऱ्याच वाटेने बळकट होत होती. 1953 मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे. मग मधुमेहाचीच परीक्षा झाली. अमेरिकेत 3,234 जणांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांनी आहार सांभाळला आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम केला, तर मधुमेह होण्याचा संभव शेकडा 58 ने घटला. साठीच्या वरच्या माणसांत ही घट याहूनही मोठी, शेकडा 71 होती. 2006 मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवरील अशाच प्रयोगाचा निष्कर्ष मांडला. येथे घट शेकडा 28.5 भरली. आकडा लहान असला तरी दिशा तीच होती. म्हातारपणी व्यायामाचा काय उपयोग, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

परंतु हे सारे देहाचे झाले, बुद्धीचे काय? 1922 मध्ये, म्हणजे इन्सुलिनचा उदय होत असतानाच, बॉस्टनमध्ये वॉल्टर माइल्स आणि हॉवर्ड रूट यांनी मधुमेही रुग्णांच्या मानसिक चाचण्या घेतल्या. स्मृती आणि अवधान या दोन्हींत ते इतरांहून मागे पडत असल्याचे त्यांना आढळले. त्या निष्कर्षाकडे पुढे बराच काळ फारसे लक्ष गेले नाही, आणि ते साहजिकच होते. ज्या काळी मधुमेही माणूस जगेल की नाही हाच प्रश्न होता, त्या काळी तो किती विसरतो याची चौकशी कोण करणार? विस्मृतीची चिंता करायला आधी आयुष्य लागते. इन्सुलिनने आणि नंतरच्या औषधांनी ते आयुष्य दिले. मधुमेही माणसे सत्तरी-ऐंशी गाठू लागली, आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे हजारो वृद्धांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिचा 1999 मधील निष्कर्ष असा की, मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो.

याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. मेंदूचे पोषण अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून होते. जी वाढलेली साखर डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या वाहिन्या खराब करते, ती मेंदूच्याही करते. मधुमेहाबरोबर बहुधा रक्तदाब असतो, तोही त्याच वाहिन्यांवर घाला घालतो. मेंदूच्या पेशींच्या कामकाजात इन्सुलिनचाही वाटा असतो, आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की तेथेही व्यत्यय येतो. उलट बाजूने, औषधाच्या अतिरेकाने साखर एकाएकी खाली गेली तर तेही घातक. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 16,000 हून अधिक मधुमेही वृद्धांच्या अभ्यासात, साखर गंभीरपणे घसरल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक दिसले.

मग साखर औषधांनी काटेकोर बांधून ठेवली, तर बुद्धी वाचेल काय? तर्काने ‘होय’ म्हणावेसे वाटते. प्रयोगाने तसे म्हटले नाही. अमेरिका व कॅनडात 2,977 मधुमेहींवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साखर अतिशय कडकपणे खाली ठेवलेल्या गटाच्या बुद्धीला विशेष लाभ झाला नाही. ज्या मोठ्या प्रयोगाचा तो भाग होता, त्यात कडक उपचाराच्या गटात मृत्यू अधिक झाल्याने तो उपचार 2008 मध्येच थांबवावा लागला होता. म्हणजे केवळ आकडा जिंकून बुद्धी जिंकता येत नाही, हा धडा वैद्यकाला मिळाला. अशा वेळी नजर पुन्हा त्या जुन्या उपायाकडे, चालण्याकडे, वळली.

2011 मध्ये अमेरिकेतील 120 वृद्धांवरील एका प्रयोगाने मोठी आशा निर्माण केली. त्यांतील निम्मे जण वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत 40 मिनिटांपर्यंत चालले. मेंदूच्या ज्या भागाचा स्मरणाशी निकटचा संबंध आहे आणि जो वाढत्या वयात आक्रसत जातो, तो त्यांच्यात सुमारे शेकडा 2 नी वाढलेला आढळला. केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांत तो घटला. हे मधुमेही नव्हते. 2015 मध्ये 70 ते 89 वयाच्या 1,635 जणांवरील दोन वर्षांच्या प्रयोगाचा निकाल आला, आणि तो निराशाजनक होता: चालणाऱ्यांची व न चालणाऱ्यांची बुद्धी एकंदरीत सारखीच राहिली. परंतु त्याच प्रयोगातील मधुमेही वृद्धांचा 2017 मध्ये वेगळा विचार केला गेला, तेव्हा त्यांच्यात मात्र चालणाऱ्यांची बुद्धी, विशेषतः काही वेळाने आठवण्याची शक्ती, सरस ठरली. या आनंदालाही आवर घालणारी एक गोष्ट आहे. 5,145 स्थूल मधुमेहींवर वर्षानुवर्षे चाललेल्या आहार-व्यायामाच्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नव्हता.

न्यायाधीशाच्या आसनावर बसून हा पुरावा तोलला, तर निकाल असा द्यावा लागेल: मधुमेही वृद्धाचे हृदय, साखर, तोल आणि स्वावलंबन यांना व्यायाम हितकर आहे, हे निःसंशय. त्याच्या स्मृतीलाही तो हितकर असावा, असे मानण्यास आधार आहे; पण तो आधार अजून पुराव्याच्या पूर्णत्वाला पोहोचलेला नाही. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायामाबरोबर आहार, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादिकांची देखरेख हे सारे एकत्र केले गेले, तेव्हा बुद्धीला लाभ झाला. जोस्लिन यांचा रथ एका घोड्यावर चालत नव्हता. स्मृतीचा रथही तसाच दिसतो.

चालण्याने नेमके घडते काय? स्नायू हे शरीरातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. विश्रांतीच्या वेळी ते इन्सुलिनच्या चिठ्ठीवाचून साखर फारशी आत घेत नाहीत. पण काम करू लागले की ती चिठ्ठी नसतानाही साखरेसाठी दार उघडतात. ज्याच्या शरीराने इन्सुलिनचे ऐकणे सोडले आहे, त्याच्यासाठी हे मागचे दार फार मोलाचे. शिवाय व्यायामाने रक्तदाब उतरतो, वाहिन्या लवचिक राहतात, झोप सुधारते, उदासपण कमी होते. आणि ही प्रत्येक गोष्ट बुद्धीला पोषक आहे. आपल्याकडे जेवणानंतर शतपावली घालण्याची चाल आहे. 2016 मध्ये न्यूझीलंडमध्ये मधुमेहींवर झालेल्या एका लहान प्रयोगात असे दिसले की, दिवसातून एकदा 30 मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटे चालण्याने जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहते. आजीची शतपावली शंभर पावलांवर न थांबता हजारावर गेली, तर ती उत्तम चिकित्सा ठरेल.

सुश्रुताच्या आज्ञेतील एक गोष्ट मात्र आज उलटी करावी लागते. जोड्यांवाचून चाला, असे तो म्हणाला. आज मधुमेह्याला दिली जाणारी पहिली सूचना ‘अनवाणी चालू नका’ ही असते. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळव्यांची संवेदना बोथट होते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि शेवटी पाय कापावा लागतो. जगभर पाय गमावण्याच्या प्रमुख कारणांत आज मधुमेहाची गणना होते. आणि पाय गेला, की चालणे गेले. चालणे गेले, की त्याबरोबर बाजार, देऊळ, मित्रमंडळी, संभाषण, हे बुद्धीला जागते ठेवणारे सारे गेले.

येथे जयपूरचे पान उलटते. 1960 नंतरच्या दशकात सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविद् डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांची जोडी जमली. सेठींनी एडिंबरोची पदवी घेतलेली. शर्मांचे शालेय शिक्षण नाममात्र, पण हातात पिढीजात कसब. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेले असत. ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, शेतात उतरता येत नसे. म्हणून लोक ते घरी नेऊन कोपऱ्यात ठेवीत. या दोघांनी वल्कनाइज केलेले रबर आणि लाकूड वापरून असा पाय घडवला, की जो अनवाणी चालू शकेल. 1975 मध्ये प्रशासकीय सेवेतील देवेंद्र राज मेहता यांच्या पुढाकाराने भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि असे पाय विनामूल्य बसवले जाऊ लागले. 1981 मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुश्रुताने जसे रोग्याचे धन आणि व्यवसाय पाहून औषध सांगितले, तसेच येथे रोग्याचे अंगण, शेत आणि बैठक पाहून पाय घडवला गेला. परंतु जो पाय कापावाच लागू नये, तो वाचवणे हे त्याहून मोठे काम. आणि ते काम योग्य पादत्राणे, रोजची तळव्यांची तपासणी आणि वेळेवरचा उपचार इतक्या साध्या गोष्टींनी होते.

आता शंभर योजनांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये वृद्धांसाठीही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना बळ देणारे आणि तीनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम. ताशी तीन मैल चालणारा माणूस आठवड्याला 300 मिनिटे चालला, तर 15 मैल होतात. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत 780 मैल. शंभर योजने म्हणजे आठशे मैल! आणि सुश्रुताने रोगमुक्तीची मुदतही वर्षभराचीच, किंवा त्याहून थोडी, सांगितली आहे. हा योगायोग आहे. त्यावरून प्राचीनांना आधुनिक शास्त्र अवगत होते असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. पण शंभर योजने अचाट वाटणाऱ्या माणसाला हा हिशेब धीर देईल. जयपूरच्या चांदपोल दरवाजापासून सूरजपोल दरवाजापर्यंतचा सरळ राजमार्ग सुमारे दोन मैलांचा आहे. तेवढे अंतर रोज चालणारा वृद्ध वर्षाअखेरी 730 मैल चाललेला असतो. तट न ओलांडता तो जवळजवळ शंभर योजने पार करतो.

मात्र तो चालू शकला पाहिजे. विद्याधराने या नगराचे मुख्य रस्ते शंभर फुटांहून अधिक रुंद ठेवले. 1868 मध्ये, दुष्काळाने गांजलेल्यांना काम मिळावे म्हणून, सवाई रामसिंहाने रामनिवास बाग उभी करण्यास घेतली. एके काळी भुकेसाठी राबणाऱ्या हातांनी केलेल्या त्या बागेत आज अतिखाण्याच्या आजारासाठी पाय चालतात. 1942 ते 1946 या काळात मिर्झा इस्माइल संस्थानचे दिवाण असताना बाजारपेठांतील दुकानांपुढच्या ओसऱ्यांना एकसारखे रूप आले. राजस्थानच्या उन्हात सावलीतून चालण्याची ती सोय होती. पुढे त्या ओसऱ्या मालाने आणि मांडणीने व्यापल्या, आणि 2000 च्या सुमारास त्या मोकळ्या करण्यासाठी मोठी मोहीम काढावी लागली. 2019 मध्ये हे तटबंद नगर जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. पण वारसा भिंतींच्या रंगात असतो, तितकाच तो पायी जाणाऱ्याला दिलेल्या जागेतही असतो. पहाटे गोविंददेवाच्या मंगल आरतीला पायी जाणारी वृद्ध स्त्री व्यायाम म्हणून जात नाही. ती दर्शनाला जाते, वाटेत चार जणींशी बोलते, भजनाचे शब्द आठवते. चालणे, संगत आणि स्मरण या तिन्ही गोष्टी तिला एका फेरीत लाभतात. तिची वाट वाहनांनी अडली, तर तिचे केवळ दर्शन चुकत नाही.

याच नगरातील डॉ. राजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दोन दशकांत जयपूरच्या नागरिकांच्या एकामागून एक पाहण्या केल्या; त्यांत स्थूलता आणि रक्तातील कोलेस्टेरॉल वाढत गेल्याचे दिसले. जे जयपूरचे, तेच पुण्याचे, नागपूरचे आणि इंदूरचे. वैद्य चिठ्ठीवर ‘रोज चाला’ असे लिहितो. पण ती चिठ्ठी ज्या दुकानात वठते, ते दुकान नगरपालिका चालवते. सपाट पदपथ, रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ देणारा दिवा, बसायला बाक, पहाटे उघडणारी बाग आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह या गोष्टी औषधांच्या यादीत छापल्या जात नाहीत. तरी वृद्ध मधुमेह्याच्या बाबतीत त्या औषधेच होत.

आणि ज्याला चालायचे आहे, त्याने सुश्रुताचे शेवटचे वाक्य विसरू नये: कृशाला जपावे. ज्याच्या डोळ्यांत मधुमेहाने बिघाड केला आहे, छातीत कळ येते, किंवा जो इन्सुलिन वा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेतो, त्याने वैद्याला विचारून आरंभ करावा आणि खिशात खडीसाखर ठेवावी. एका दिवसात दहा मैल चालण्यात पुरुषार्थ नाही. आषाढीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याला ते ठाऊक असते: मुक्काम ठरलेला, चाल बेताची, सोबत दिंडीची, आणि उद्या पुन्हा निघायचे. शंभर योजने अशीच संपतात.